एकाला नऊ आणि नवांना शून्य

कुत्रा पाळणाऱ्या माणसाला पशुवैद्याच्या दारात जो पहिला प्रश्न पडतो तो दिसायला अगदी साधा असतो : याला कोणकोणत्या लशी द्यायच्या, आणि किती वेळा द्यायच्या? या प्रश्नाला आपल्या समाजात दोन ठरावीक उत्तरे मिळतात आणि मला ती दोन्ही सारखीच अविचाराची वाटतात. शहरातील सुखवस्तू घरांत, प्राण्यावरील प्रेमाचे माप त्याच्यावर होणाऱ्या खर्चाने घेण्याची जी रीत पडली आहे तिला अनुसरून, बाजारात जेवढ्या म्हणून लशी मिळतील तेवढ्या सगळ्या, वर्षाच्या वर्षाला, कुणालाही काही न विचारता टोचून घेतल्या जातात. आणि वाडीवस्तीवर, चाळीच्या जिन्याखाली, बांधकामावरच्या पालांशेजारी जी कुत्री माणसांच्या उष्ट्यावर आणि माणसांच्याच आधाराने जगतात, त्यांना 'आपला कुत्रा कुठे कुणाला चावतो' एवढ्या भरवशावर एकही लस मिळत नाही. एका कुत्र्याला 'नाइन-इन-वन' म्हणून विकली जाणारी नवविध लस दरसाल, आणि नऊ कुत्र्यांना एकही नाही : हा हिशेब मी कुठल्या दप्तरातून काढलेला नाही, परंतु आपल्या एकंदर प्रवृत्तीचे ते यथार्थ वर्णन आहे, आणि ही वाटणी उलटी केल्यावाचून कुत्र्यांचेही कल्याण नाही आणि माणसांचेही नाही, हेच मला आज सांगायचे आहे.

लस हा औषधाचा प्रकार आहे, दागिन्याचा नव्हे. ती द्यावी की न द्यावी हे ठरवताना चार गोष्टींचे तारतम्य ठेवले पाहिजे. ज्या रोगावर ती आहे तो किती प्राणघातक आहे. आपण राहतो त्या मुलखात तो खरोखर आढळतो काय. लशीने येणारी प्रतिकारशक्ती किती काळ टिकते. आणि चौथी, जिचा विचार सहसा होत नाही ती गोष्ट अशी की, लस न दिल्याने होणारे नुकसान केवळ त्या कुत्र्याचे होते की शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही. या चार कसोट्या लावल्या म्हणजे लशींची जी भलीमोठी यादी दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेली दिसते तिच्यात आपोआप एक क्रम लागतो. काही लशी प्रत्येक कुत्र्याला अनिवार्य ठरतात, काही स्थलकालानुसार इष्ट ठरतात, आणि काही निव्वळ अनावश्यक ठरतात.

रेबीजची लस या चारही कसोट्यांवर पहिली येते. पिसाळलेला कुत्रा वाचत नाही. आणि लक्षणे एकदा दिसू लागली की माणूसही जवळजवळ कधीच वाचत नाही, इतका हा रोग निष्ठुर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात, त्यांपैकी शेकडा ९९ जणांना तो कुत्र्याकडून होतो, आणि या दुर्दैवी मृत्यूंत आपल्या देशाचा वाटा आजवर फार मोठा मानला गेला आहे. चावा घेणारे कुत्रे आणि चावा सोसणारे लेकरू ही दोन्ही बहुधा एकाच गल्लीतली असतात. गोजिरवाण्या पिलापासून धोका नाही, अशी समजूत बाळगून मुले रस्त्यावरची पिले उचलून घरी आणतात. परंतु पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले पिलूही पिसाळते, आणि त्याचे सुईसारखे दात बोटात रुतले तर घरातल्या कुणाला त्याचे गांभीर्य वाटत नाही.

ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शने आठवत असतील. १८८५ च्या जुलै महिन्यात लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर आपली लस प्रथम योजली. १९०० साली हिमालयाच्या पायथ्याशी कसौलीला पाश्चर संस्था निघाली. आणि तेथेच डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून जी लस सिद्ध केली तीच पुढे नव्वदएक वर्षे हिंदुस्थानातील गोरगरिबांच्या वाट्याला आली. तिच्यामुळे अगणित प्राण वाचले, पण तिच्यातील मज्जातंतूंच्या अंशामुळे क्वचित अर्धांगवायूसारखे गंभीर उपद्रवही होत, आणि म्हणून या शतकाच्या आरंभी ती बंद करण्यात येऊन दंडात घ्यावयाच्या आधुनिक लशी आल्या. हा सारा इतिहास माणसाला कुत्रा चावल्यानंतरच्या धावपळीचा आहे. त्या धावपळीचे मूळच खुडून टाकणारा उपाय, म्हणजे कुत्र्याच्या कातडीखाली दिलेली एक मिलिलिटरची मात्रा, हा तिच्या मानाने अतिशय स्वस्त आणि अतिशय सोपा असूनही आपण त्याला दुय्यम लेखीत आलो.

तेव्हा रेबीजच्या बाबतीत निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. पिलू तीन महिन्यांचे झाले की पहिली मात्रा द्यावी. आपल्यासारख्या रोगग्रस्त मुलखात दोन ते चार आठवड्यांनी दुसरी द्यावी. एक वर्षाने पुन्हा द्यावी. आणि त्यानंतर लशीच्या वेष्टनावर जी मुदत लिहिली असेल ती पाळावी. काही लशींची मुदत तीन वर्षांची असते हे खरे, पण जेथे रोग गल्लीच्या नाक्यावर उभा आहे तेथे ही एक लस दरसाल देण्याचा आपल्या पशुवैद्यांचा शिरस्ता मला योग्य वाटतो. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या आणि उद्वाहनातूनच खाली उतरणाऱ्या कुत्र्यालाही यातून सूट नाही, कारण उद्वाहनातून उतरल्यावर तो ज्या रस्त्यावर येतो तो रस्ता सर्वांचा आहे. मात्र एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे. कुत्र्याला लस दिलेली आहे या सबबीवर चावा बसलेल्या माणसाने उपचार टाळू नयेत. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तिला हळद, चुना किंवा तिखट लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण त्या दहा दिवसांच्या भरवशावर उपचार लांबणीवर टाकू नयेत.

रेबीजनंतरची तीन नावे म्हणजे डिस्टेंपर, पार्व्हो आणि कुत्र्यांचा सांसर्गिक यकृतदाह. हे रोग माणसाला होत नाहीत, त्यामुळे येथे कर्तव्य आहे ते समाजाप्रत नसून आपण ज्याला दारी बांधले त्या मुक्या जीवाप्रत आहे; पण ते कर्तव्य त्यामुळे हलके होत नाही. डिस्टेंपरचे पिलू प्रथम डोळ्यांतून आणि नाकातून चिकट स्राव गाळते, मग खोकते, आणि बरे होतेसे वाटत असतानाच त्याला झटके येऊ लागतात; त्यातून जे वाचते त्याचा एखादा पाय किंवा जबडा जन्मभर लयीत थरथरत राहतो. या रोगाचा विषाणू हेन्री कारे या फ्रेंच पशुवैद्याने १९०५ साली दाखवून दिला, आणि १९२० नंतरच्या दशकात लंडननजीक मिल हिल येथे लेडलॉ आणि डंकिन यांनी त्यावर पहिली विश्वसनीय लस तयार केली, तीही 'द फील्ड' या नियतकालिकाच्या वाचकांनी जमवलेल्या वर्गणीच्या बळावर. त्या प्रयोगांसाठी पाळलेल्या फेरेट नावाच्या लहान प्राण्यांचा अनुभव गाठीशी होता म्हणूनच पुढे १९३३ साली तेथे माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला. कुत्र्यासाठी केलेला धर्मादाय शेवटी माणसाच्या उपयोगी पडतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पार्व्हो हा त्या मानाने नवा रोग. १९७८ च्या सुमारास तो प्रथम ध्यानात आला आणि दोन वर्षांच्या आत त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. कोणत्याही शहरातील प्राण्यांच्या दवाखान्यात गेल्यास त्याचे रुग्ण ओळखायला पशुवैद्य व्हावे लागत नाही : टेबलावर चार पाय पसरून पडलेले पिलू, पुढच्या पायाला चिकटपट्टीने बांधलेली सलाइनची सुई, खाली अंथरलेले वर्तमानपत्र, आणि रक्तमिश्रित जुलाबाचा तो उग्र दर्प, जो एकदा नाकात बसला की विसरत नाही. याचा विषाणू जमिनीत आणि फरशीच्या फटींत महिनेच्या महिने जिवंत राहतो. म्हणून ज्या घरात एक पिलू पार्व्होने गेले तेथे लगेच दुसरे आणणे म्हणजे त्यालाही त्याच संकटात लोटणे होय.

या तीन रोगांच्या लशीत खरी मेख आहे ती कोणती लस द्यावी ही नसून कोणत्या वयात द्यावी ही आहे, आणि आपल्याकडे सर्वांत अधिक पिले याच अज्ञानाने दगावतात. आईच्या पहिल्या चिकाच्या दुधातून पिलाला तिची प्रतिद्रव्ये मिळतात. ती पहिले काही आठवडे पिलाचे रक्षण करतात. परंतु तीच प्रतिद्रव्ये लशीलाही शत्रू समजून निकामी करतात. पुढे ती ओसरत जातात, आणि मध्ये असा एक काळ येतो की, लस निष्फळ करण्याइतकी ती शिल्लक असतात, पण रोग थोपवण्याइतकी नसतात. हा काळ एखाद्या पिलाच्या बाबतीत आठव्या आठवड्यात येतो, तर दुसऱ्याच्या बाबतीत चौदाव्या. डोळ्यांनी पाहून तो कुणालाच सांगता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आरंभ करून दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा देत जावे आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे पुरे झाल्यावरच द्यावी, असा नियम वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशन या जागतिक संघटनेने घालून दिला आहे. विक्रेत्याने 'दोन इंजेक्शने झालेली आहेत' असे सांगून दहा आठवड्यांचे पिलू हवाली केले, आणि मालकाने त्यावर विसंबून पुढची मात्रा चुकवली, तर त्या पिलाचे संरक्षण कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात शून्य असण्याचा संभव पुष्कळ असतो. सोळाव्या आठवड्यानंतरची ही मात्रा, आणि सहा महिन्यांचे वय झाल्यावर किंवा फार तर वर्षाच्या आत आणखी एक, एवढे कटाक्षाने केले की पायाभरणी पक्की झाली.

आणि ती एकदा पक्की झाली म्हणजे दरवर्षी पुन्हा खोदण्याचे कारण उरत नाही. डिस्टेंपर, पार्व्हो आणि यकृतदाह यांच्या जिवंत पण निस्तेज केलेल्या विषाणूंच्या लशीने येणारी प्रतिकारशक्ती अनेक वर्षे टिकते, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात रोनाल्ड शुल्ट्झ यांनी केलेल्या दीर्घ संशोधनावरून दिसून आले आहे. आणि प्रौढ कुत्र्याला ही लस तीन वर्षांतून एकदाहून अधिक वेळा देऊ नये, हे मत आता जगातील जाणत्या पशुवैद्यांत सर्वमान्य झाले आहे. आपल्याकडे मात्र सात-आठ रोगांच्या लशी एकाच कुपीसंचात बांधून येत असल्यामुळे, ज्यातील एखाद्या घटकाची दरसाल गरज आहे तो संपूर्ण संचच दरसाल दिला जातो. मी पशुवैद्यांवर लोभाचा आरोप करीत नाही. वार्षिक लशीच्या निमित्तानेच पुष्कळ मालक कुत्र्याला दवाखान्यात आणतात आणि त्यामुळे हृदयाचा, दातांचा, कातडीचा रोग वेळीच उघडकीस येतो, ही त्यांची कैफियत खरी आहे. परंतु याला उपाय वार्षिक तपासणीचे योग्य मूल्य उघडपणे घेणे हा आहे. तपासणी दरसाल व्हावी, सुई मात्र गरजेपुरतीच टोचावी.

दरसाल ज्याची खरोखर गरज लागते तो घटक म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर, गुरे आणि कुत्री यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात आणि चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगेतून माणसाच्या अंगात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्यानंतर मुंबईत या तापाने जो हाहाकार उडवला तो मुंबईकर विसरलेला नाही. कोकणातील भातखाचरांत गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला तर त्याची धास्ती दर पावसाळ्याला असते. म्हणून मुंबई, ठाणे, कोकण आणि गोवा येथील कुत्र्याला ही लस मी ऐच्छिक मानणार नाही. तिच्या आरंभी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात, तिचा प्रभाव वर्षभराच्या आसपासच टिकतो, आणि म्हणून ती मे महिन्यात, पहिल्या सरीपूर्वी, पुरी व्हावी हे उत्तम. माणदेशासारख्या कोरड्या मुलखातील कुत्र्याच्या बाबतीत मात्र स्थानिक पशुवैद्याच्या अनुभवाला मान द्यावा.

बाकीच्यांचा विचार थोडक्यात उरकता येतो. मालक परगावी जाताना ज्याला कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवावे लागते, किंवा जो प्रदर्शनांत फिरतो, त्या कुत्र्याला सांसर्गिक खोकल्याची लस द्यावी. एरवी तिची निकड नाही. कुत्र्यांच्या कोरोना विषाणूवरील लशीची शिफारस उपरोक्त जागतिक संघटनाच करीत नाही, कारण तो विकार बहुधा सौम्य असतो आणि लशीच्या उपयोगाला पुरेसा पुरावा नाही. तेव्हा नवविध संचातील हा एक आकडा केवळ आकडाच आहे. आणि ज्या गोचीडतापाने महाराष्ट्रातील कुत्री वर्षाचे बारा महिने आजारी पडतात त्यावर आपल्याकडे लसच नाही. तेथे गोचिडांचा बंदोबस्त आणि रोज हात फिरवून कान, काख आणि बोटांच्या बेचक्या तपासणे हाच उपाय. सर्व लशी दिल्या म्हणजे सर्व रोगांचा विमा उतरला, हा समज म्हणूनच घातक आहे.

कोणती लस याइतकेच ती कोणत्या स्थितीत मिळते हेही महत्त्वाचे आहे. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. पांढऱ्या वडीच्या रूपातील कोरडी लस दुसऱ्या कुपीतील द्रवात आपल्या देखत मिसळून लगोलग टोचली गेली पाहिजे. आणि कुपीवरचे लेबल सोलून ते लसपुस्तिकेत डकवून, त्याशेजारी तारीख आणि पशुवैद्याची सही नोंदणी-क्रमांकासह झाली पाहिजे. लेबल नसलेली, एकाच शाईने एकाच बैठकीत भरलेली पुस्तिका हा पुरावा नव्हे. कुत्रा लहान म्हणून मात्रा अर्धी करणे ही काटकसर नसून फसगत आहे, कारण प्रतिकारशक्ती जागी होण्यास लागणारी मात्रा चिमुकल्या पॉमेरेनियनला आणि थोराड ग्रेट डेनला सारखीच असते. ताप असलेल्या, जुलाब होत असलेल्या पिलाला लस देऊ नये. आणि दिल्यानंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे, म्हणजे तोंड सुजणे किंवा धाप लागणे असा क्वचित होणारा विपरीत परिणाम तेथल्या तेथे आवरता येतो.

येथवर झाला तो एका मालकाचा आणि एका कुत्र्याचा विचार. परंतु रेबीजचा प्रश्न एका कुत्र्याने सुटत नाही. एखाद्या वस्तीतील शेकडा ७० कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, हे जगभरच्या अनुभवाने सिद्ध झालेले आहे. आणि ते आपल्या शेजारी, गोव्यात, प्रत्यक्ष करून दाखवण्यात आले आहे. २०१३ पासून तेथे राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी मिळून गावोगाव मोहीम चालवली. पथके सकाळी वाड्यावाड्यांतून फिरत. पाळलेल्या कुत्र्याला मालकाच्या हातातच, आणि मोकाट कुत्र्याला लांब दांड्याच्या जाळ्यात अलगद धरून लस देत. त्याच्या अंगावर रंगाची खूण करीत, भ्रमणध्वनीवर त्या ठिकाणाची नोंद करीत, आणि त्याला तेथेच सोडून देत. जोडीला शाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागावे याचे धडे दिले गेले आणि संशयित कुत्र्याची वर्दी देण्यासाठी दूरध्वनीची सोय झाली. २०१९ पर्यंत तेथील कुत्र्यांमधील रेबीजचे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले, माणसांचे मृत्यू थांबले, आणि २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्र्यांच्या पिढ्या भराभर बदलत असल्यामुळे असे यश दरवर्षी नव्याने मिळवावे लागते हे खरे. पण ते मिळवता येते, यात आता शंका राहिलेली नाही.

मग महाराष्ट्राने तेच का करू नये? मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाबरोबर रेबीजची लस देण्याचे कर्तव्य २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकलेले आहे. परंतु निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया संथ आणि खर्चिक असते, तर लस एका मिनिटात देता येते. म्हणून दुसरीने पहिलीची वाट पाहत बसू नये. प्रत्येक नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने आपल्या अंदाजपत्रकात या एका बाबीसाठी स्वतंत्र तरतूद करावी. जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत ही लस बारमाही आणि विनामूल्य मिळावी. आणि २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनाच्या दिवशी केवळ छायाचित्रापुरते शिबिर न भरता, त्या सप्ताहात गावातील शेकडा ७० कुत्री पुरी झाली की नाही याचा जाहीर हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा. परळला एकाच परिसरात हाफकिन संस्था आहे आणि लोक ज्याला प्रेमाने बैलघोड्याचे हॉस्पिटल म्हणतात ते बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. ज्या राज्यात माणसाच्या लशीची आणि जनावराच्या उपचाराची परंपरा अशी शतकाहून अधिक काळ शेजारी शेजारी नांदत आली, त्याला विद्येची किंवा मनुष्यबळाची वाण आहे असे कुणीही म्हणू शकणार नाही.

आणि जे कुत्र्यावर हौसेने खर्च करतात त्या सर्वांना माझी विनंती अशी की, तीन वर्षांतून एकदा पुरणारी लस दरसाल न देता जी रक्कम वाचेल तिच्यातून आपल्या सोसायटीच्या फाटकाशी बसणाऱ्या, पहारेकऱ्याने भाकरतुकड्यावर वाढवलेल्या कुत्र्यांना रेबीजची लस द्यावी. प्रत्येक कुत्र्याला आवश्यक तेवढ्या लशी आणि कोणत्याही कुत्र्याला आवश्यकतेहून अधिक नाही, हे आज पशुवैद्यकशास्त्राचे सूत्र आहे. ते सूत्र अमलात आणणे म्हणजे आपल्या कुत्र्यावरील माया कमी करणे नव्हे. आपल्या कुत्र्याचे, आणि त्याच्या गळ्यात हात टाकून खेळणाऱ्या आपल्या मुलाचे, खरे संरक्षण फाटकाबाहेरच्या कुत्र्याला टोचलेल्या लशीतच आहे.